किरकोळ जमा

घरखर्चाची वही धाकट्या सुनेच्या हातात आली ती ताईच्या लग्नाच्या दिवशी, आणि ती सगळ्यांच्या देखत आली, इथेच पुढच्या घोळाला सुरुवात झाली.

बावन्नाव्या वर्षी लग्न करून ताईने अख्ख्या घराला तोंडात बोट घालायला लावलं होतं. नवरा छापखान्याचा मालक, विधुर, कमी बोलणारा. वडील गेल्यापासून बावीस वर्षं पोस्टातली नोकरी सांभाळून ताईनेच हे घर चालवलेलं. दोन्ही भावांची लग्नं, गळक्या छपराची दुरुस्ती, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं तिच्या वहीतूनच पार पडलं. जायच्या दिवशी टॅक्सी दारात उभी असताना तिने पर्समधून कपाटाची किल्ली काढली, टेबलावरची निळ्या पुठ्ठ्याची वही उचलली आणि दोन्ही वस्तू धाकट्या भावजयीच्या हातात ठेवल्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना बसवायचं आणि खर्च वाचून दाखवायचा, एवढंच बोलली.

थोरल्या वहिनी दोन पावलांवर उभ्या होत्या. एकोणीस वर्षं या घरात काढलेल्या. त्या पुढे झाल्या, ताई आत बसल्यावर टॅक्सीचं दार त्यांनीच लावलं, आणि ते गरजेपेक्षा जरा जोरात लावलं.

धाकटीला त्याच क्षणी वाटलं होतं, वही वहिनींना द्यावी. पण निरोपाच्या घाईत ते राहून गेलं, आणि असं काही एकदा राहिलं की मग बोलायला तोंड उरत नाही. ती घरात येऊन सहा वर्षं झाली होती. दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून आलेल्या साच्यावरून मेणाची हिरडी घडवायची, त्यात एकेक दात बसवायचा, रंग जुळवायचा. केसाएवढा उंचवटा राहिला तरी म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाला फोड येते, म्हणून तिच्या बोटांना बारीक कामाची सवय. हिशेबाची मात्र मुळीच नव्हती. पगार झाला की त्यातले ठरलेले पैसे ताईच्या हातात ठेवायचे आणि मोकळं व्हायचं, एवढाच तिचा पैशांशी संबंध.

पहिला महिना तिने जीव ओतून लिहिलं आणि तरी सगळं चुकलं. दुधाचं बिल दोनदा लिहिलं, गॅसचं एकदाही नाही. विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं हे तिला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे ते अंगावर आलं. तिचा नवरा, बस डेपोतला टाइमकीपर, शेजारी बसून मदत करायचा म्हणजे पेन्सिलीला टोक काढून द्यायचा. दोघांनी चारदा बेरीज केली आणि चार वेगवेगळी उत्तरं आली तेव्हा दोघेही हसून हसून बेजार झाले. अखेर चुका निस्तरल्यावर उत्तर आलं, तीन हजार नऊशे कमी.

पहिल्या रविवारी ते कुणी फार मनावर घेतलं नाही. जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसले होते. दादाने, म्हणजे थोरल्या दिराने, आमची कवळीवाली हिशेबाला बसली, आता एकेका पैशाला दात फुटणार, अशी थट्टा केली. आई म्हणाल्या, होतं पहिल्यांदा. कमी पडलेले पैसे कपाटातल्या शिलकेतून घेतले.

दुसऱ्या महिन्यात तिने चूक होऊ दिली नाही. प्रत्येक पावती डब्यात टाकली, रोज संध्याकाळी लॅबमधून आल्या आल्या लिहून काढलं. तरी चार हजार एकशे वीस कमी. तिसऱ्या महिन्यात तिने हात आखडता घेतला, स्वतःच्या चपला शिवून वापरल्या, आणि तरी तीन हजार सातशे साठ कमीच.

आता कपाटातल्या तीस हजारांचे अठरा उरले होते. आणि ते तीस हजार काही असेच पडलेले नव्हते. ते दादाच्या मुलीच्या, ठमीच्या, कॉलेजप्रवेशासाठी बाजूला ठेवलेले होते.

तिसऱ्या बैठकीत थट्टा करायला कुणी पुढे आलं नाही. धाकटीने आकडा वाचला आणि वहिनी हातातला फ्रॉक खाली न ठेवताच बोलल्या. त्या घरी बसून कपडे दुरुस्त करायच्या, लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या. मांडीवर कायम काहीतरी शिवण असायचं.

"ताईंच्या वेळी कधी कमी पडलं नाही," त्या म्हणाल्या. "माणसं तीच, पैसे तेवढेच. उलट ताई खाणारी एक कमी झाली."

यात खोटं काही नव्हतं. ताई घरात दहा हजार द्यायची, आणि आता तिच्या रिकाम्या खोलीत ठेवलेल्या भाडेकरणीकडून बरोबर दहा हजारच यायचे. दादाचे अठरा, धाकट्या जोडप्याचे वीस. अठ्ठेचाळीस तेव्हाही होते, आजही होते.

धाकटीचा नवरा बायकोची बाजू घेऊन काहीतरी बोलायला गेला, तसा दादा त्याच्यावर घसरला. त्यात आईंनी, पोरीला शिकू तर द्या, असं म्हटलं, ते वहिनींना लागलं. मला शिकवायला कुणाला सुचलं नाही ते, असं त्या सुईकडे बघत म्हणाल्या. आणि मग शांतपणे, जणू दुकानातून काय आणायचं ते सांगावं तसं, त्यांनी सांगितलं की दादाच्या फर्निचर पॉलिशच्या कारखान्यामागे दोन खोल्या रिकाम्या आहेत, त्या आपण पाहून आलो आहोत. ठमीचे उरलेले पैसे घेऊन चूल वेगळी करावी असं त्यांच्या मनात आहे. पुढच्या रविवारपर्यंत काय ते ठरवू.

दादाचा चेहरा पाहून कळत होतं की खोल्या पाहिल्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

आपल्या हातून घर मोडणार, हे धाकटीला सहन होईना. त्या आठवड्यात तिने कपाटातून ताईच्या जुन्या वह्या काढल्या आणि आपल्या वहीशेजारी ठेवून ओळीने ताडून बघायला बसली. भाजीला भाजी, साबणाला साबण. आपण कुठे उधळतो ते शोधायचं होतं. पण तिच्या लक्षात आलं की उधळपट्टी कुठेच नाही. उलट दोन-तीन बाबींत तिचाच खर्च ताईपेक्षा कमी होता. ताईचे महिनेही बावन्न हजारांच्या आसपासच जायचे. मग ते पुरायचे कसे?

ते जमेच्या बाजूला सापडलं. दर महिन्याला शेवटच्या ओळीत, ताईच्या टपोऱ्या अक्षरात, "किरकोळ जमा". एका महिन्यात तीन हजार आठशे सत्तर, पुढच्या महिन्यात चार हजार दोनशे पंधरा. धाकटीने ते याआधीही पाहिलं होतं आणि रद्दीचे पैसे असतील असं धरून चालली होती. आता तिने नवऱ्याला विचारलं, आपल्याकडे रद्दी किती निघते. तो म्हणाला, एक पेपर येतो, तोही भाडेकरीण वर नेते.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून अर्धा तास लवकर निघून ती छापखान्यात गेली.

ताई पुढच्या खोलीत लग्नपत्रिकांचे गठ्ठे मोजत बसली होती. आतून यंत्राचा एकसारखा आवाज येत होता. ताई जरा जाड झाली होती आणि तिच्या बोटांना शाई होती. ते तिला शोभून दिसत होतं. धाकटीच्या हातात जुनी वही पाहताच तिने गठ्ठा बाजूला सरकवला.

"कळलं तर तुला," ती म्हणाली. "मला वाटलं होतं सहा महिने लागतील."

मग तिने हळूहळू सगळं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी दादाचा फर्निचर पॉलिशचा कारखाना बंद पडायच्या बेतात आला होता. तेव्हा तो ताईला म्हणाला, मी अठरा देईन, त्यावर मागू नकोस. ताईने मागितलं नाही. पहिल्या वर्षी महिन्याला पाच-सहाशे कमी पडायचे, ते तिने आपल्या पगारातून घातले. महागाई वाढत गेली तसा तो आकडाही वाढला. दादाचा कारखाना पुढे सावरला, चार माणसं कामाला आली, पण तोवर अठरा हजार म्हणजे जणू काळ्या दगडावरची रेघ झाली होती.

धाकटीने विचारलं, मग तेव्हा तरी मागायचं. दादा नाही म्हणाले नसते.

"मागितलं असतं तर त्याला कळलं असतं, इतके दिवस कमी पडत होतं ते. आणि अगदी खरं सांगू का?" ताईने शाईची बोटं फडक्याला पुसली. "मला बरं वाटायचं. माझ्यावाचून या घराचं अडतंय, हे दर महिन्याला लिहून ठेवायला बरं वाटायचं."

धाकटीने हातातली वही मिटली. मग तिने मनातला दुसरा प्रश्न विचारला. वही वहिनींना का दिली नाही?

"तिच्या हातात दिली असती तर पहिल्याच महिन्यात तिला नवऱ्याचा आकडा टोचला असता. मला वाटलं, तू बाहेरून बघशील. तिला राग येईल हे ठाऊक होतं. इतका येईल असं वाटलं नव्हतं."

ताईने टेबलाच्या खणातून पाकीट काढलं. त्यात चार हजार होते. दर महिन्याला इथून घेऊन जा, ती म्हणाली, आणि मी लिहायचे तसं लिही. कुणाला काही कळायला नको, चूल मोडायला नको.

धाकटीने पाकिटाकडे पाहिलं. घेतलं तर रविवारी सगळं सुरळीत होणार होतं. ती हुशार ठरली असती, वहिनी गप्प झाल्या असत्या, दादाची मान ताठ राहिली असती. तिने ते परत खणात ठेवलं.

"तुम्ही घालत होता ते तुमच्या घरात घालत होता, ताई. आता तुमचं घर हे आहे. आणि मी तशी ओळ लिहिली, तर मला पुढे कुठलीच ओळ खरी लिहिता येणार नाही. मी तुमचं नाव घेणार नाही. फक्त खर्च किती आहे ते सांगेन."

ताईचे डोळे भरून आले, पण ती चहा टाकायला उठली आणि बराच वेळ आत राहिली.

रविवारी सकाळी धाकटीने एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात दोनच आकडे लिहिले. घर चालायला लागतात बावन्न हजार, येतात अठ्ठेचाळीस. तो कागद तिने टेबलाच्या मधोमध ठेवला. मी कुठे चुकते ते तीन महिने शोधलं, ती म्हणाली, आणि मला ते सापडलं नाही, कारण चूक खर्चात नाही.

वहिनींनी लगेच तोच प्रश्न विचारला जो धाकटी टाळत होती. ताईंना मग कसं पुरत होतं?

आईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली, आणि धाकटीला एकदम कळलं की आईंना पहिल्यापासून माहीत होतं. तिने ताईच्या वह्यांचा गठ्ठा दादापुढे सरकवला. "या तुमच्या बहिणीच्या वह्या आहेत. त्या मी वाचून दाखवणार नाही. तुम्ही बघा."

दादाने चष्मा लावला. पानं उलटली, दर वेळी "किरकोळ जमा"च्या ओळीवर बोट ठेवलं. एक वही संपवली, दुसरी घेतली. मग त्याने धाकट्या भावाकडून पेन्सिल मागून घेतली आणि कागदाच्या मागच्या बाजूला आकडे मांडायला लागला. पाऊण तास तो बेरीज करत होता आणि तेवढा वेळ कुणीही जागचं उठलं नाही. शेवटी त्याने पेन्सिल ठेवली.

"दोन लाख तीस हजार," तो म्हणाला. "नऊ वर्षं मी या टेबलावर ताठ मानेने जेवलो. माझ्या वाट्याचं मी देतो असं समजून."

आई म्हणाल्या, तिने कधी हिशेब धरला नाही रे. तिने नाही धरला, पण मी धरायला हवा होता, असं तो म्हणाला आणि चपला पायात सरकवून निघून गेला. कुठे ते सांगायची गरज नव्हती.

तो गेल्यावर वहिनींनी तो कागद जवळ ओढला आणि बेरजेवरून नजर फिरवली. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, हे कळू नये म्हणून वही मला दिली नाही का? धाकटीने ताईचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, राग येईल हे ताईला ठाऊक होतं तेही. वहिनी हसल्या. ते हसू पूर्णपणे गोड नव्हतं, पण तीन महिन्यांत त्या धाकटीकडे बघून हसल्या ते पहिल्यांदाच.

"मला वाटलं, मला अक्कल नाही असं समजतात," त्या म्हणाल्या.

धाकटी म्हणाली की अक्कल कुणाला नाही ते या वहीवरूनच दिसतं, दूध मी एकाच दिवशी दोनदा प्यायले आहे. पहिल्या महिन्याचं ते खोडलेलं पान तिने उघडून दाखवलं. वहिनींनी ते पान बारकाईने पाहिलं, गॅस कुठे आहे म्हणून विचारलं, आणि तो नाहीच हे कळल्यावर दोघी हसत सुटल्या. धाकटीच्या नवऱ्याला हसावं की नाही ते कळेना, म्हणून तो पेन्सिलीला टोक काढू लागला.

दादा दुपारी उशिरा परतला. त्याच्या शर्टाला लाकडाचा भुसा लागला होता. भांडायला गेलो होतो, त्याने सांगितलं, पण छापखान्याचं मागचं दार फुगून बसलेलं, उघडायलाच तयार नाही. ते आधी रंधा मारून सारखं करून दिलं. तोवर ताईने जेवायला बसवलं, आणि तोंडात घास असताना भांडता येत नाही. जेवून उठताना मात्र त्याने सांगून टाकलं होतं की ते दोन लाख तो परत करणार. ताई नको म्हणाली, मग त्यांचं खरंच थोडं वाजलं. मधला मार्ग ताईच्या कमी बोलणाऱ्या नवऱ्याने काढला: ठमीच्या कॉलेजच्या खात्यात घालत जा, हप्त्याहप्त्याने.

"माझे वीस हजार पाचशे लिही," दादा धाकटीला म्हणाला. "आणि दर वर्षी मला विचार. मी चिडलो तरी विचार."

धाकटीने जुने अठरा खोडले आणि नवा आकडा लिहिला. अजून दीड हजार कमी पडत होते. तिचा नवरा, आपण दोघं बघू काहीतरी, असं म्हणत होता, तेवढ्यात वहिनी उठून आत गेल्या आणि शिवणाच्या डब्यातून नोटांची घडी घेऊन आल्या. खोल्यांच्या अनामत रकमेसाठी त्या हे पैसे साठवत होत्या. त्यातले दीड हजार मोजून त्यांनी टेबलावर ठेवले.

दादा म्हणाला, माझ्यात धर, बावीस कर. धाकटीने पेन टेकवलंही होतं, पण वहिनींनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"यांच्यात नको," त्या म्हणाल्या. "माझी ओळ वेगळी कर."

एकोणीस वर्षांत या वहीत त्यांच्या कमाईची ओळ नव्हती हे तोवर कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, धाकटीच्याही नाही. तिने दादाच्या खाली एक ओळ मोकळी सोडली आणि विचारलं, काय लिहू, वहिनी लिहू का?

"वहिनी तुमच्यासाठी. इथे शिवणकाम लिही."

धाकटीने लिहिलं, आणि अक्षर नीट आलं नाही असं वाटून परत गिरवलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ताई आणि तिचा नवराही जेवायला आले होते. हिशेब संपेपर्यंत ताई मुद्दाम वरच्या खोलीत भाडेकरणीशी गप्पा मारत बसली. या वेळी वाचायला दोघी होत्या. खर्च धाकटीने वाचला, जमा वहिनींनी. एक्कावन्न हजार सहाशे नव्वद गेले होते, बावन्न हजार आले होते. तीनशे दहा उरले. वहिनींनी तो आकडा दोनदा वाचला.

दादाने चष्मा काढला, जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून धाकटीला विचारलं, "खरं सांग. ताईने गुपचूप घातले ना?"

"नाही," धाकटी म्हणाली. "आपलेच आहेत."

दादाचा विश्वास बसेना. त्याने वही स्वतःकडे ओढली आणि पेन्सिल मागितली.